जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि घरभर वाय-फाय: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून ओळखीपाळखीत एकच वाक्य सारखे कानावर येते: "लॅपटॉप स्लो झालाय आणि नेटही चालत नाही, नवीन काय घेऊ?" इंदिरानगरच्या फ्लॅटमधून, सिडकोतल्या बैठ्या घरातून, मखमलाबादच्या मळ्यातून, सगळीकडून हाच प्रश्न. माझे म्हणणे असे की दुकानात जायच्या आधी तपासून बघा. पुष्कळदा लॅपटॉप धडधाकट असतो, नेटचा प्लॅनही पुरेसा असतो आणि अडचण मधेच कुठेतरी असते. ती कशी शोधायची आणि कशी सोडवायची, ते या प्रश्नोत्तरांत आहे.

विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडणार का?

नाही. लॅपटॉप कालच्यासारखाच चालू होईल. फक्त सुरक्षेचे नवे अपडेट थांबतात, म्हणजे यापुढे सापडणारी प्रत्येक फट उघडीच राहते. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने ही अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देऊ केली, पण तीही तात्पुरतीच सोय.

विंडोज ११ टाकावे म्हटले, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ती पिढी २०१७ साली बाजारात आली. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप या अटींत बसत नाहीत. अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे लोक भेटतात. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर मी तसे करणार नाही.

लिनक्स म्हणजे काय, आणि इतक्या प्रकारांतले कोणते घ्यावे?

विंडोजच्या जागी लॅपटॉपवर बसवता येणारी ही दुसरी सिस्टिम, लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तेच आहे. ते फुकट आहे आणि चोरीच्या कॉपीची भानगड नाही.

पहिल्यांदा बसवत असाल तर लिनक्स मिंट घ्या. खाली डावीकडे मेनू, शेजारी उघडलेले प्रोग्राम, उजवीकडे घड्याळ, अशी मांडणी असल्याने विंडोजची सवय असलेल्याला चुकल्यासारखे होत नाही. रॅम ८ जीबी असेल तर त्यातली सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. उबुंटूही उत्तम आहे, पण त्याची मांडणी वेगळी असल्याने घरातल्या मोठ्यांना हात बसायला वेळ लागतो.

किती जुना लॅपटॉप चालेल?

मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा असावी, असे ते बनवणारेच सांगतात. माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न डिस्कचा आहे. फिरती हार्डडिस्क असेल तर कोणतीही सिस्टिम टाका, लॅपटॉप रेंगाळणारच. साधी अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) बसवली की दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही चटकन उठतो. एम. जी. रोडला जाऊन एखादीच वस्तू घ्यायची असेल, तर एसएसडी घ्या. रॅम त्यानंतर.

प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मात्र खटपट करू नका. मिंटच्या सध्याच्या आवृत्त्या फक्त ६४ बिटच्या आहेत आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२ बिट संगणकांसाठीचे इन्स्टॉलर बंद केले.

कोणी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टॅलीवर हिशेब ठेवत असाल तर विंडोज सोडू नका. टॅली लिनक्ससाठी बनलेले नाही. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनीही तेच करावे. टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळतातही, पण शेवटच्या तारखेच्या रात्री त्यांच्याशी झुंजायला लागू नये. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे काम कोरलड्रॉवर करणारे, ऑटोकॅडवर नकाशे काढणारे, यांचेही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही.

श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये वर्षानुवर्षांचे दस्तऐवज असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये (सगळ्या सिस्टिमवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या. त्याशिवाय दुसऱ्या सिस्टिमवर ती अक्षरे कचऱ्यासारखी दिसतील.

आणि प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की चालतात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर त्रास देतो.

उलट ज्यांचे सगळे काम ब्राउझरमध्ये होते, त्यांना फरकच पडत नाही. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, नेट बँकिंग, यूट्यूब, मेल, व्हॉट्सअॅप वेब हे सगळे क्रोम किंवा फायरफॉक्सवर जसेच्या तसे चालते. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. साधी पत्रे, याद्या, हिशेब यांना ते पुरते. मॅक्रो असलेल्या अवघड एक्सेल फाइली मात्र आधी उघडून बघा.

न बसवता आधी चालवून बघता येते का?

येते, आणि बघाच. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचे सगळे पुसले जाईल हे लक्षात ठेवा. विंडोजवर रुफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रामने फाइल पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

मग लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूची (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्या यादीची) कळ दाबत राहा. डेलला आणि बहुतेक लेनोव्होला एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, एसुसला एस्केप. एसरलाही एफ १२ असते, पण ती कधीकधी बायोसमध्ये (सिस्टिमच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन आधी सुरू करावी लागते. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरून चालते, डिस्कला हातही लागत नाही.

या अवस्थेत घाई करू नका. वाय-फाय जोडा, गाणे लावा, कॅमेरा उघडा, उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा दाबा, झाकण मिटून पुन्हा उघडा, प्रिंटर लावा. पेनड्राइव्हवरून चालताना वेग कमी वाटतो, त्यावरून मत बनवू नका. यातले काही चालले नाही तर आत्ताच कळते, आणि पेनड्राइव्ह काढला की तुमचे विंडोज जागच्या जागी असते.

बसवण्याआधी काय जपून ठेवायचे?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. पुष्कळांची समजूत असते की फोटो डी ड्राइव्हमध्ये आहेत, म्हणजे सुरक्षित आहेत. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इन्स्टॉलरमध्ये "पूर्ण डिस्क पुसा" निवडले की दोन्ही जातात. म्हणून डी ड्राइव्ह, डेस्कटॉप, डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स हे सगळे बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार फोटो आणि दोन फाइली उघडून बघा. उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे मानू नका.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्डही आठवणीने घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का, तेही बघा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहा. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर आतला डेटा परत मिळत नाही.

प्रत्यक्ष बसवायला किती वेळ लागतो?

एसएसडीवर अर्ध्या तासाच्या आत होते. चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर क्लिक करा, भाषा आणि कीबोर्ड निवडा, मल्टीमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी) चौकटीत खूण करा, वेळेसाठी कोलकाता निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड विसरण्यासारखा ठेवू नका, कारण नवे सॉफ्टवेअर टाकताना दर वेळी तोच विचारला जातो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावे का?

डिस्कवर जागा असेल आणि टॅलीसारखी एखादी गरज असेल तर जरूर. आधी विंडोजमधूनच सी ड्राइव्ह लहान करून रिकामी जागा काढा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिले तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

दोन्ही बसवल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागते आणि लोक घाबरतात. बिघाड काही नाही. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या बरोबर साडेपाच तास पुढे आहे. आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला लिनक्सला एकदा सांगितले की प्रश्न मिटतो.

मिंट बसले, पण वाय-फायच दिसत नाही. आता?

बहुतेक वेळा ब्रॉडकॉम कंपनीचे वाय-फाय कार्ड निघते. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनचे नेट लॅपटॉपला मिळते. मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

सिक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर मधे एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि रीस्टार्टच्या वेळी निळा पडदा येतो. तिथे "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पुष्कळजण तो पडदा न वाचता पुढे जातात, आणि मग ड्रायव्हर टाकूनही वाय-फाय चालत नाही.

मराठी टाइप करता येते का?

येते. इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा, झाले. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचे एम१७एन पॅकेज घ्या. त्यात मराठीसाठी फोनेटिक पद्धत आहे.

आई-वडिलांना जमेल का? व्हायरस, बिघाड यांचे काय?

जमते. अक्षरे मोठी करून द्या, रोजची तीन-चार चिन्हे खालच्या पट्टीवर ठेवा, बाकीचे काढून टाका. वेगळा अँटिव्हायरस घरगुती वापरात लागत नाही. मात्र फसवणुकीचे फोन आणि बनावट लिंका कोणत्याही सिस्टिमवर तितक्याच घातक, हे त्यांना सांगून ठेवा.

पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट सुरू करा. सिस्टिम बिघडली तर ते तुम्हाला आधीच्या चांगल्या स्थितीत परत नेते. त्यात तुमचे फोटो आणि कागदपत्रे येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, लॅपटॉपवर ३०-४० च मिळतात. कंपनी फसवते का?

आधी लॅनची केबल (नेटची जाड वायर) राउटरमधून थेट लॅपटॉपला लावा आणि वेग मोजा. ९० च्या वर आला तर कंपनी आपले काम करते आहे, दोष तुमच्या घरातल्या हवेतल्या प्रवासात आहे. प्लॅन १०० हून मोठा असून आकडा ९५ च्या आसपास अडकला, तर लॅपटॉपचे किंवा राउटरचे लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचे असण्याची शक्यता मोठी.

जुन्या, स्वस्त लॅपटॉपमध्ये पुष्कळदा एकाच अँटेनाचे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर (वाय-फायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांतल्या एकावरच) चालणारे कार्ड असते. त्याची जोडणी बहुधा ७२ एमबीपीएसवर होते आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येते. राउटर कितीही भारी आणा, हे कार्ड त्याहून जास्त घेऊ शकत नाही. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झचा छोटा यूएसबी अडॅप्टर लावणे हा खरा उपाय. लिनक्ससाठी घेताना त्यातली चिप आधी चालते का ते विचारा, सगळ्या चालत नाहीत.

आणखी एक. एमबीपीएसमधला बी बिटचा. डाउनलोडचा आकडा बाइटमध्ये दिसतो आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास दिसले तर ते बरोबरच आहे.

राउटर कुठे ठेवावा?

फायबर लावणारा माणूस दाराशी, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे पेटी ठोकून जातो, कारण त्याची वायर तिथे संपते. तुमचे घर तिथे संपत नाही. शक्य तितके घराच्या मध्याशी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज आणि माशांची टाकी यांच्या आड नको. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषते. यासाठी वायर दहा-पंधरा फूट वाढवून मागा, ते सांगून करून घेण्यासारखे काम आहे.

२.४ आणि ५ यांतले कोणते नेटवर्क जोडावे?

राउटर ज्या खोलीत आहे तिथे आणि शेजारच्या खोलीत ५. लांब, दोन-तीन भिंतींपलीकडे २.४. टीव्ही आणि लॅपटॉप पाचवर गेले की २.४ मोकळे होते.

सिडकोत राहतो. रात्री आठनंतर वाय-फाय अडखळते, सकाळी बरे असते.

घराला घर लागून, प्रत्येक घरात राउटर, आणि रात्री सगळे एकाच वेळी घरी. फोनवर वाय-फाय अॅनालायझरचे एखादे अॅप टाका, पंधरा-वीस नेटवर्क एकमेकांवर चढलेली दिसतील. २.४ मध्ये एकमेकांना न छेदणारे चॅनल (त्या पट्ट्यातल्या वाटा) तीनच: १, ६ आणि ११. त्यातले सगळ्यात मोकळे निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर कागदावर वेग वाढतो आणि गर्दीत प्रत्यक्ष कमी होतो. जमेल तितकी उपकरणे ५ वर न्या. तो पट्टा भिंती कमी ओलांडतो, म्हणून शेजाऱ्याचा त्रासही तिथे कमी असतो.

एवढे करूनही रात्रीच वेग पडत असेल, तर लॅनच्या केबलने रात्री मोजा. केबलवरही पडला तर गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे.

जुन्या नाशकातला वाडा आहे, भिंती हातभर जाड. रिपीटर घेऊ की मेश?

भद्रकाली, पंचवटीतल्या अशा वाड्यांत मधल्या खोलीपलीकडे सिग्नल मरतो, हे खरे आहे. पण साधा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारी पेटी) ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो सिग्नल नसलेल्या खोलीतच लावतात. जिथे त्यालाच काही ऐकू येत नाही, तिथून तो पुढे काय पोचवणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर.

माझा आग्रह केबलचा आहे. कॅट ६ ची एक केबल मागच्या खोलीपर्यंत न्या आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (केबलने आलेले नेट नुसते वाय-फायवर देण्यासाठी) लावा. घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. तो मोड नसेल तर त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करा, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरच्या पत्त्याहून वेगळा ठेवा आणि केबल वॅनऐवजी (बाहेरच्या नेटच्या पोर्टऐवजी) लॅन पोर्टला जोडा.

भिंत फोडायची गरज बहुधा पडत नाही. फ्लॅटमध्ये जुन्या केबल टीव्हीची पाइपलाइन आता रिकामीच असते, जुन्या वायरला नवी बांधून ओढता येते. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र लॅनची केबल नेऊ नका. केबल अगदीच अशक्य असेल तेव्हा मेश (मिळून एकच नेटवर्क करणाऱ्या दोन-तीन पेट्या) घ्या, आणि त्यातही ट्राय-बँड, म्हणजे तीन पट्टे असलेला.

मळ्यात राहतो. घरी नेट आहे, पण पॅकिंग शेडपर्यंत पोचत नाही.

द्राक्षबागेतले लोखंडी अँगल, तारा आणि ओली पाने मिळून सिग्नल अडवतात. गोडी छाटणीनंतर बाग उघडी असताना शेडमध्ये रेंज येते आणि पाने भरली की जाते, त्यामुळे चाचणी नेहमी भरल्या बागेत करा.

घराच्या गच्चीवरून शेडचा पत्रा दिसत असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या बाहेरच्या अँटेनांची जोडी पानांच्या वर, समोरासमोर लावता येते. लॅनची केबल न्यायची तर १०० मीटर ही तिची मर्यादा. शिवाय तांब्याची केबल उघड्यावरून नेली की पावसाळ्यात वीज जवळ पडली तरी दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. अंतर जास्त असेल तर जमिनीतून फायबर टाकून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची केबल जोडणारी पेटी) बसवा. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे तो धोका राहत नाही.

लाइट गेली की नेटही जाते. इन्व्हर्टर घ्यावा का?

फक्त नेटसाठी राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर १, दीड किंवा २ असे वेगवेगळे. यूपीएसचे व्होल्ट तितकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त.

त्याआधी ऑपरेटरला विचारा की त्याची लाइन इमारतीतल्या स्विचवरून येते का. त्या स्विचला बॅकअप नसेल तर तुमचा यूपीएस असून उपयोग नाही. थेट फायबर घरापर्यंत येत असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या पेटीला) वीज लागत नाही, आणि महावितरणची लाइट नसतानाही नेट चालू राहू शकते.

पासवर्ड सोडून आणखी कोणती सुरक्षा हवी?

राउटरच्या सेटिंग पानाचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करून द्या. नेटवर्कच्या नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव घालू नका.

नेट पूर्ण बंद आहे. तक्रार करताना काय सांगू?

आधी पेटीवरचे दिवे बघा. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर प्रकाशच तुमच्यापर्यंत येत नाही. फायबर तुटली, मुरगळली किंवा खोचणीतून निसटली. अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, फरक पडत नाही. घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे दुमडली आहे का, ते तेवढे बघा. सिंहस्थाच्या तयारीत तुमच्या भागात रस्ता खोदलेला असेल तर तेही सांगा, म्हणजे माणूस थेट त्या ठिकाणी जाईल.

पॉनचा (फायबरची जोडणी दाखवणारा) दिवा स्थिर हिरवा आहे आणि तरी नेट नाही, तर दोष लॉगिनमध्ये, रिचार्जमध्ये किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत असतो. फोनवर "नेट चालत नाही" एवढेच न म्हणता "एलओएस लाल आहे" किंवा "पॉन हिरवा आहे, केबल लावूनही नेट येत नाही" असे सांगा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि दिव्यांचा फोटो काढून ठेवा.